उलट्या दिशेचं पाणी

धाटावच्या कारखान्यांशेजारून कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. कोकणातल्या बाकीच्या नद्या तेव्हा दगडगोटे दाखवत पडलेल्या असतात. मग हिच्यात पाणी कुठलं? बरंचसं चक्क घाटमाथ्यावरचं! मुळशी धरण मुळा नदीवर आहे. एरवी हे पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी ते डोंगरातून पश्चिमेला वळवलं आणि 1927 पासून भिऱ्याला वीज होऊ लागली. (जमिनी बुडालेल्या मावळ्यांचा सत्याग्रह आणि सेनापती बापट हा वेगळ्या लेखाचा विषय.)

पाणी सुमारे 500 मीटर खाली येतं. घर्षण सोडून हिशेब केला, तर तोटीतून निघणारी धार ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते! ती पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, आणि दमलेलं पाणी कुंडलिकेत उतरतं.

गंमत कोलाडला. तिथलं राफ्टिंग पावसापेक्षा भिऱ्याच्या वेळापत्रकावर चालतं. वीज तयार करताना पाणी सुटलं की नदी फुगते, म्हणून सकाळी लवकर या, असं राफ्टवाले बजावतात. उशिरा पोचलात, तर वडापाव खाऊन परत.