अवलंबित व्यक्ती, प्राप्तिकरातील
निर्वाहासाठी करदात्यावर पूर्णतः वा मुख्यतः विसंबून असलेला कुटुंबीय. काही देशांत अशा व्यक्तींच्या संख्येनुसार कराचा भार कमी होतो. भारतातही चिंतामण द्वारकानाथ देशमुख अर्थमंत्री असताना, १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात, विवाहितांसाठी रु. २,००० व अविवाहितांसाठी रु. १,००० अशा भिन्न करमुक्त मर्यादा ठरविण्यात आल्या. १९५८-५९ मध्ये ही मर्यादा निरपत्य विवाहितास रु. ३,०००, एक अपत्य असल्यास रु. ३,३०० व अधिक अपत्ये असल्यास रु. ३,६०० अशी होती. ही पद्धत पुढे बंद झाली. आता केवळ कुटुंबाचे पोषण केल्यामुळे करात सवलत मिळत नाही. विधीने नेमून दिलेल्या खर्चापुरतीच वजावट मिळते.

अवलंबित कोणास म्हणावे, हे वजावटीगणिक बदलते. दिव्यांग व्यक्तीच्या संगोपनाबद्दलच्या वजावटीसाठी पती वा पत्नी, अपत्ये, आईवडील, भाऊ व बहिणी यांचीच गणना होते. वर्षानुवर्षे सांभाळलेली आत्या या व्याख्येत बसत नाही. हिंदू अविभक्त कुटुंब करदाता असल्यास त्याचा कोणताही अवलंबित सदस्य चालतो. अपंगत्व किमान ४० टक्के असल्यास रु. ७५,००० व ८० टक्के किंवा अधिक असल्यास रु. १,२५,००० वजावट मिळते. उपचार वा संगोपनावर खर्च झालेला किंवा त्यासाठीच्या मान्य विमा योजनेत रक्कम भरलेली असावी लागते. मात्र वजावटीची रक्कम खर्चाच्या प्रमाणात बदलत नाही. विहित वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक असते. दिव्यांग व्यक्तीने स्वतःच्या उत्पन्नातून अपंगत्वाची वजावट घेतली असल्यास पालकास ती मागता येत नाही.

आरोग्य विम्याच्या हप्त्याबाबत नियम निराळा आहे. अपत्ये अवलंबित असावी लागतात. पती वा पत्नी आणि आईवडील यांना ती अट नाही. स्वतःच्या कुटुंबासाठी रु. २५,००० व आईवडिलांसाठी आणखी रु. २५,०००, ते ज्येष्ठ नागरिक असल्यास रु. ५०,००० पर्यंत वजावट मिळते. सासूसासऱ्यांच्या विम्याचा हप्ता यात धरला जात नाही. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही.

२०२३-२४ या वित्तीय वर्षापासून नवी कररचना मूळ रचना मानली जाते व तीत वरील वजावटी मिळत नाहीत. त्या हव्या असल्यास जुनी रचना निवडावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्येही हाच भेद कायम आहे. पगारदार करदात्यास ही निवड दरवर्षी करता येते. मात्र विवरणपत्र मुदतीत दाखल न केल्यास त्या वर्षापुरता जुन्या रचनेचा हक्क जातो. त्यामुळे दिव्यांग अपत्य वा वृद्ध आईवडील असलेल्या करदात्याने दोन्ही रचनांतील कर काढून पाहूनच निवड करणे हितावह ठरते.