गल्लीतला चेंबर आणि सोळा जणांची समिती

पुण्याच्या सदाशिव पेठेत ड्रेनेजचा चेंबर तुंबला की पहिला फोन नगरसेवकाला जातो. जेटिंगची गाडी येते, चोकअप निघतो, आणि थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा रस्त्यावर. दुखणं जमिनीखाली आहे. नागनाथ पार ते पेरूगेट या पट्ट्यात अनेक वाडे पडून इमारती झाल्या. सात-आठ बिऱ्हाडांच्या जागी दुप्पट-तिप्पट फ्लॅट आले, वर कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, खाली मेस. लाइन मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्याच व्यासाची. ती बदलायला फोन पुरत नाही. कनिष्ठ अभियंत्याचं एस्टिमेट लागतं, अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि तिला समितीची मंजुरी लागते.

लोकप्रतिनिधीचं खरं काम इथे सुरू होतं. आपण मात्र ते फारसं पाहत नाही. उद्घाटनाचे फलक दिसतात, मुख्य सभेतला गोंधळ बातमीत येतो. प्रभाग समितीच्या बैठकीकडे क्वचितच कुणी फिरकतं.

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली आणि मोठ्या शहरांत प्रभाग समित्यांना घटनेचा आधार मिळाला. महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमात त्यासाठी कलम २९-अ आलं. समितीत त्या भागातले नगरसेवक असतात, क्षेत्रीय कार्यालयाचे सहायक आयुक्त असतात, आणि स्वयंसेवी संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींना नेमायची सोय आहे. नागरिकांच्या तक्रारी लवकर सोडवणं, आपल्या भागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करणं, आणि तरतूद असलेल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देणं ही तिची कामं. रक्कम छोटी वाटते, पण पेठेतल्या बोळाची दुरुस्ती बहुधा अशाच रकमांत मोजली जाते.

या बैठका बसून पाहिल्या तेव्हा समितीचं मोल मला अधिकारांच्या यादीपेक्षा तिच्या मांडणीत दिसलं. महापालिकेची खाती विषयवार विभागलेली: पाणीपुरवठा वेगळा, मलनिःसारण वेगळं, पथ वेगळं, घनकचरा वेगळा. बोळ मात्र एकच असतो. डांबरीकरण झालं आणि पाठोपाठ पाण्याच्या लाइनसाठी तोच रस्ता खोदला, हा पुणेकरांचा नेहमीचा अनुभव. त्या सगळ्या खात्यांचे अभियंते एकाच भागाबद्दल, एकाच टेबलाशी, निवडून आलेल्या माणसांसमोर बसतात ते प्रभाग समितीत. तयारीने आलेला सदस्य तिथे भाषण करत नाही. तो विचारतो, या गल्लीत आधी लाइन पडणार की आधी डांबर? कार्यादेश कोणत्या तारखेला दिला? राडारोडा कोण उचलणार? उत्तर मोघम आलं, तर ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावतो आणि पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करतो. फाइल हलते ती या चिकाटीने.

मोठी कामं वर जातात. स्थायी समितीत सोळा सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. शहराच्या तिजोरीची किल्ली त्यांच्याकडे. टेंडर तिथे मंजूर होतात. आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी त्यांच्यापुढे येतं, मग मुख्य सभेकडे जातं. विषयपत्रिकेतला सर्वांत जपून वाचावा असा भाग म्हणजे वर्गीकरणाचे प्रस्ताव. एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा तो मार्ग. एप्रिलमध्ये आपल्या गल्लीच्या नावाने असलेले पैसे वर्षअखेरीस भलत्याच कामाला लागलेले दिसतात ते यातून. कधी ते गरजेचंही असतं. पण ते वाचणारा, विचारणारा कुणीतरी हवा.

या शहराला अशा विचारणाऱ्यांची परंपरा आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारनियुक्त असूनही त्यांनी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावरच्या खर्चाला विरोध केला. पुढे आचार्य अत्रे निवडून आले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. महापालिका झाली ती १५ फेब्रुवारी १९५० ला. तिच्या आधीच्या नगरपालिकेचा कारभार सदाशिव पेठेतल्याच विश्रामबागवाड्यातून चाले. दुसऱ्या बाजीरावाच्या महालात लोकांनी निवडलेली माणसं गटारांचा हिशेब करत होती, याचा पेठेने अभिमान बाळगावा.

१४ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. प्रस्ताव प्रशासनाचा, मंजुरीही प्रशासनाचीच. कामं झाली, ठराव झाले. समोर बसून ‘का?’ असं विचारणारी बाजू मात्र नव्हती. माझ्या मते त्या काळातली सर्वांत मोठी तूट तीच.

आता त्या बाजूला माणसं आली आहेत, तर त्यांच्या कामाला साक्षीदार हवेत.  त्यासाठी दारं आहेत. २००६-०७ पासून पुणेकरांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला समितीच्या बैठका होतात. नगरसेवक भेटला की आपण विचारतो, आमचं काम कधी करणार? त्याऐवजी विचारावं, मागच्या बैठकीत तुम्ही कोणता प्रश्न मांडलात, आणि इतिवृत्तात काय उत्तर नोंदलं गेलं? हा प्रश्न चार घरांतून आला, तरी पुढच्या बैठकीला माननीय विषयपत्रिका वाचून जातील.