विजेचे पेव

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी माझ्या पुण्यातल्या बिऱ्हाडी एक अनोळखी गृहस्थ आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटले, कुणाच्या तरी मुलाच्या प्रवेशाचे काम असावे. प्राध्यापकाच्या घरी पेढे येतात ते एक तर निकालानंतर, नाही तर प्रवेशाआधी! पण गृहस्थांनी पिशवीतून काढला तो आमच्या गावच्या जमिनीचा सातबारा. त्यावर दादाच्या नावाखाली माझे नाव होते. कित्येक वर्षांत तो उतारा मी स्वतःही पाहिलेला नव्हता.

गृहस्थांचे म्हणणे सरळ होते. माणदेशात आमच्या गावाच्या शिवेला विजेचे उपकेंद्र आहे आणि त्याला लागून आमची सात एकर. तिथे त्यांच्या कंपनीला बॅटऱ्यांचे कोठार उभारायचे होते. जमीन विकत नको, पंचवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवी. सौर प्रकल्पासाठी शेतजमीन देणाऱ्याला सरकारी योजनेत हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे धरले आहे. आम्ही त्याहून अधिक देऊ, असे ते म्हणाले. जिथे पाऊस नवसाने पडतो त्या रानाला एवढे भाडे! मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि, खोटे कशाला सांगू, सहीसाठी पेन शोधू लागलो.

"दादाला विचारलंत का?" मी सहज म्हणालो.

"नाही, आधी आपल्याकडेच आलो. आपण सुशिक्षित."

त्या एका शब्दाने मी भानावर आलो. चाळीस वर्षे त्या मातीत राबला तो दादा; आणि त्याच्याआधी सही मागायला आले माझ्याकडे, ज्याने शाळा सुटल्यानंतर कधी औताला हात लावला नाही. मी पेन खिशाला अडकवले आणि त्याच शनिवारी गावची एस.टी. धरली.

दादाला सगळे समजावून सांगणे माझ्याकडे आले. मी मराठीचा माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरी आठवडाभर वाचून काढले होते. सूर्याची वीज दुपारी मुबलक, आणि दिवेलागणीला, जेव्हा घरोघर पंखे, दिवे नि दूरदर्शनसंच सुरू होतात, तेव्हा सूर्य मावळलेला. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत सांभाळून ठेवायची तर कोठार हवे. लोखंडी पेट्या असतात, मालगाडीवर दिसतात तशा; आत हजारो विद्युतघट. आजच्या मोठ्या पेटीत पाचेक हजार युनिट वीज मावते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या पन्नास घरांची महिन्याभराची बेगमी एका पेटीत!

"म्हंजे पेवच की रं," चुलीपुढून आई म्हणाली.

मी थक्क झालो. मला आठवडा लागला ते तिने एका शब्दात उरकले. सुगीची ज्वारी पेवात उतरवायची, तोंड लिंपून घ्यायचे आणि दुष्काळ पडला की उघडायचे. आमच्या वाड्याच्या पुढल्या अंगणात असे पेव होते. आईने ते भरताना आणि उपसताना पाहिले होते.

"पर पेव उघडलं की लगीच कुनी उतरायचं न्हाई," ती पुढे म्हणाली. "आदी वारं खेळू द्यायचं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. इझला तर मानूस सोडायचा न्हाई. आत वाफ धरती."

मी वाचलेली एक हकीकत मला चटकन आठवली. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सरप्राइझ नावाच्या गावी 19 एप्रिल 2019 रोजी अशाच एका बॅटरी-कोठारातून धूर येऊ लागला. बंबवाले धावले. काही तास वाट पाहून त्यांनी दार उघडले. आत तापलेल्या घटांतून निघालेला ज्वालाग्राही वायू कोंडलेला होता. थोड्याच वेळात स्फोट झाला आणि बंबवाले फेकले गेले, गंभीर जखमी झाले. आमच्या आईचा कंदील तिथे कुणापाशी नव्हता.

या घटांचा स्वभाव असा, की एक बिघडून तापला तर तो शेजाऱ्याला तापवतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला. आग वरून विझली तरी आतून पुन्हा पेटते. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग येथे एका जुन्या वीजघराच्या दालनात जगातले एक फार मोठे कोठार केले होते. 16 जानेवारी 2025 रोजी ते पेटले. सुमारे 1200 माणसांना घरे सोडावी लागली, हमरस्ता बंद पडला. शेजारच्या पाणथळ जमिनीच्या वरच्या थरात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वाढल्याचे संशोधकांना आढळले. सभोवती भाजीपाल्याची शेते आहेत.

पण एवढेच सांगितले तर ती लबाडी होईल. दक्षिण ऑस्ट्रेलियात 28 सप्टेंबर 2016 रोजी वादळाने जवळजवळ सबंध राज्य अंधारात बुडाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या जेम्सटाउनजवळ, गव्हाच्या आणि मेंढरांच्या मुलखात, 100 मेगावॅटचे कोठार उभे राहिले. विजेचा तोल गेला की ते निमिषात सावरते. 2020 मध्ये ते वाढवून 150 मेगावॅटचे केले. शिवाय घटांचेही प्रकार आहेत. निकेल-कोबाल्टचे अधिक तापट. लोह-फॉस्फेटचे त्या मानाने थंड डोक्याचे. मॉस लँडिंगचे पहिल्या जातीचे होते, आणि एका छपराखाली दाटीने रचलेले होते. आता पेट्या उघड्यावर, एकमेकींत अंतर ठेवून मांडतात. वैरणीच्या गंजी कुणी एकमेकींना खेटून रचत नाही, तसेच हे.

दादाने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "ती वीज कुनाला?"

"जिथं लागेल तिथं. बहुतेक शहराला."

"आन् आमी रातच्याला बॅटरी घिऊन पानी धरायचं!"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेतीपंपाला रात्रीची पाळी आली की साप-विंचवाच्या भीतीने जीव मुठीत धरून दारे धरणारा तो. आणि संध्याकाळी पंख्याखाली बसून निबंध तपासणारा मी. कोठार हवे होते ते माझ्यासाठी. जमीन मात्र त्याची जायची होती.

पैशाची गरज त्यालाही होती. त्याचे गुडघे गेले आहेत. पुतण्या नोकरीला लागला, तो परतणार नाही. रात्री वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, यांना हो म्हणायचंय, पण विहिरीपाशी जीभ अडतेय." सात एकरांत चार एकर माळ, खडकाळ, तीन एकर विहिरीचे रान. कंपनीची नजर होती ती सपाट रानावर.

महिन्याभराने ग्रामसभा भरली. गृहस्थ नकाशे घेऊन आले. दादाने मला प्रश्न लिहून काढायला लावले होते. माझ्या सगळ्या शिक्षणाचा गावाला झालेला उपयोग तेवढाच. घट कोणत्या जातीचे? दोन पेट्यांत अंतर किती? आग लागली तर बंब कुठून येणार आणि किती वेळात? मारलेले पाणी ओढ्यात जाणार, की अडवून ठेवणार? भाडेपट्टा रजिस्टर होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लागणार का? पंचवीस वर्षांनी पेट्या कोण उचलणार, आणि त्यापोटी आज अनामत ठेवणार का?

घटांच्या जातीचे आणि अंतराचे उत्तर गृहस्थांनी तिथल्या तिथे दिले. भाडेपट्टा रजिस्टर करायलाही ते राजी झाले. बंबाचे, पाण्याचे आणि अनामतीचे "वर विचारून सांगतो" म्हणाले.

मग दादा उठला. "माळ घ्या," तो म्हणाला. "खडक फोडून सपाट करायचा खर्च तुमचा. विहिरीचं रान मिळायचं न्हाई. आन् ऱ्हायलेली उत्तरं कागदावर आल्याबिगर आमी दोघं भाऊ सही करणार न्हाई."

'आम्ही दोघे भाऊ' ऐकताना माझी मान खाली गेली. त्या रविवारी मी पेन शोधत होतो, हे मी अजून त्याला सांगितलेले नाही.

हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. कदाचित कंपनी दुसरीकडे सपाट रान बघेल. तिथलाही एखादा भाऊ शहरात राहत असेल. वर्गात मी 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार शिकवतो. आता अशा कोठारांचे पेव फुटणार आहे, आणि फुटायला हवेही, कारण सूर्य संध्याकाळी थांबत नाही. फक्त पेवाच्या तोंडाशी आधी कंदील सोडणारे कुणीतरी हवे.

दिवाळीला गावी जाणार आहे. यंदा विहिरीच्या काठावर पणती लावायचे काम दादाने माझ्याकडे दिले आहे.