पाळीच्या दुसऱ्या दिवशी ककाओ

परवा पाळीच्या दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने खास विधी म्हणून ‘सेरेमोनियल ककाओ’, म्हणजे सोहळ्यातलं कोकोचं पेय, पाजलं. पहिल्याच घोटाला माझं तोंड वाकडं झालं. कडू, रवाळ आणि वर चक्क तुपासारखा तवंग!

तो तवंग म्हणजे ककाओचं लोणी. कोको पावडरमधून ते बरंचसं काढलेलं असतं. इथे मात्र ककाओच्या आंबवलेल्या बिया वाटून त्यांची लोण्यासकट वडी पाडतात.

प्राचीन माया लोक ककाओ पाण्यात कालवून, कधी मिरची घालून प्यायचे. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस काढायचे, अगदी टपरीवरच्या चहासारखं.

पण पाळीत ककाओ पिण्याचा हा विधी माया काळातला नाही बरं का! ग्वाटेमालातल्या अटिटलान तलावाकाठून अलीकडे ककाओ-सोहळ्यांची लाट पसरली, त्यातलाच हा प्रकार.

पोटदुखी थांबली? माझी नाही, त्यासाठी गरम पाण्याची पिशवीच लागली. पण ककाओतल्या थिओब्रोमिनने तरतरी आली, त्यातून मॅग्नेशियमही मिळतं. शिवाय अर्धा तास कुणी हाक मारली नाही!

हृदयविकार असेल किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मी २० ग्रॅम वडी कपभर गरम पाण्यात रवीने घुसळते. गूळही घालते, शुद्धतावाद्यांनी माफ करावं.