पिठले-भाकरीची कुळकथा

गेल्या वर्षी कॉलेजात नवी होते, तेव्हा दुपारी डब्याचे झाकण मी अर्धेच उघडत असे. मैत्रिणींच्या डब्यात पोळी; माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि पिठले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे लाजायला कारणे पुष्कळ होती. आजीला हे कळले, पण ती रागावली नाही. "भाकरीला लाजतीस, पण ती आली कुठनं, ते तरी इचार तुझ्या मास्तरांना," एवढेच म्हणाली. म्हणून हा लेखप्रपंच.

ज्वारी मूळची आफ्रिकेतल्या सुदानकडची. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत रुजली. हरभरा पश्चिम आशियातला. मिरची सर्वांत नवी. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी तिखटपणा मिऱ्यांचा. म्हणजे ज्याला आपण अस्सल गावरान जेवण म्हणतो, त्या एका ताटात तीन खंड मांडीला मांडी लावून बसले आहेत!

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून भाकरी सहसा लाटत नाहीत, थापतात. उकळीच्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी कडेला चिरत नाही. पीठ जुने झाले की 'विरी गेली' असे बायका म्हणतात. ज्वारीतल्या प्रथिनांत जी उणीव असते, ती हरभरा भरून काढतो. ही जोडी आयाबायांनी पुस्तकावाचून जमवली. उन्हाळ्यात भाजी नसो की रात्री अवचित पाहुणा येवो, डब्यातले डाळीचे पीठ घराची अब्रू राखते.

लोकमानसानेही भाकरीला मान दिला आहे. जनाबाईसोबत विठ्ठल दळायला बसला, अशी कथा आहे. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचे जाते दाखवतात. चंपाषष्ठीला खंडोबापुढे वांग्याचे भरीत आणि रोडगा असतो. गौरी येतात त्या दिवशी अनेक घरांत भाजी-भाकरीचाच नैवेद्य होतो. देवांनी भाकरीला नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. मुरडले ते मी!

१९७२च्या दुष्काळात आजी नवी नवरी होती. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी तेव्हा रेशनवर मिळे. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. पण तिच्यावरच घर तगले. पुढे १९९५ साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आजी म्हणते, "आमी तर जलमभर तेच वरीस पाळलं."

आता मी झाकण पुरते उघडते. परवा मैत्रिणींनी पिठले चाटूनपुसून संपवले आणि मी उपाशी राहिले. आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "मग उद्याच्याला दोन भाकरी जास्त ने."