पटेल शॉट, गुलाम शॉट, संगम शॉट : गावाच्या हातात कॅमेरा आला की काय होतं?

कॅमेरा उंचावरून खाली धरला की 'हाय अँगल', खालून वर धरला की 'लो अँगल'. मास कॉमच्या पहिल्याच वर्षी हे आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

तेलंगणातल्या जहीराबाद भागातल्या दलित शेतकरी बायका व्हिडिओ शूटिंग शिकल्या, तेव्हा त्यांनी या शॉट्सना स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा तो 'पटेल शॉट', कारण पटेल मजुराकडे तसाच बघतो. (निजामाच्या राज्यातला पटेल म्हणजे आपल्याकडचा पाटील.) खालून वर बघणारा 'गुलाम शॉट'. आणि डोळ्यांच्या रेषेत, समोरासमोर घेतलेला तो 'संगम शॉट'. संगम म्हणजे गावातल्या बायकांचा गट. तिथे सगळ्याजणी एकाच पातळीवर बसतात, म्हणून हे नाव.

यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कॅमेरा कुठे धरला यावरून समोरचा माणूस मोठा दिसतो की छोटा, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ते त्या आयुष्यभर बघत आल्या होत्या.

या प्रकाराला म्हणतात पार्टिसिपेटरी व्हिडिओ, म्हणजे सहभागी व्हिडिओ. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनीच ठरवायचं की काय दाखवायचं, कुणाला दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही. डॉक्युमेंटरीत गाव हा विषय असतो. इथे गाव मालक असतं.

आता वाटेल की हे मोबाईल आल्यावरचं फॅड आहे. तर नाही. त्यासाठी थेट १९६७ सालच्या कॅनडात जावं लागतं.

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट आहे. तेव्हा तिथे दहा वस्त्यांमध्ये मिळून साधारण ५ हजार लोक राहत होते. धंदा मासेमारीचा, आणि तो बुडत चाललेला. बरीच कुटुंबं सरकारी मदतीवर जगत होती. सरकारचं म्हणणं होतं, बेट सोडा, दुसरीकडे वसवतो. लोकांना जायचं नव्हतं. पण या वस्त्यांचं आपसात फारसं जमत नव्हतं. धर्मपंथ वेगळे, येणंजाणं कमी. एकत्र येऊन सरकारला काही सांगायचं तर सांगणार कोण?

अशात कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे पोहोचले. मेमोरियल युनिव्हर्सिटीचे डोनाल्ड स्नोडेन यांनी त्यांना या बेटाकडे वळवलं होतं. लो यांनी एक मोठी फिल्म करण्याऐवजी २५ हून जास्त छोट्या फिल्म्स केल्या. एका फिल्ममध्ये एक माणूस किंवा एक विषय, बस्स. याचं वाक्य कापून त्याच्यासमोर दुसऱ्याचं उलट वाक्य लावायचं, आपल्या टीव्ही चर्चेत रोज चालतं ते, त्यांनी टाळलं. कारण साधं होतं. एडिटिंगमध्ये भांडण लावून टीम निघून जाते, शेजाऱ्यांना मात्र तिथेच राहायचं असतं.

दुसरा नियम आणखी महत्त्वाचा. ज्याचं शूटिंग केलं, त्याने आधी बघायचं. त्याला नको असेल तो भाग काढून टाकायचा. त्यानंतरच बाकीच्यांना दाखवायचं.

या फिल्म्स वस्त्या-वस्त्यांत दाखवल्या गेल्या. पलीकडच्या वस्तीतल्या कोळ्याची रड तीच आहे जी आपली आहे, हे लोकांनी पडद्यावर पाहिलं. मग लोकांच्या परवानगीने त्या मंत्र्यांपर्यंत गेल्या. मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर बसून उत्तर दिलं आणि ते उत्तर परत बेटावर दाखवलं गेलं. बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. लोक बेटावरच राहिले, आणि ती संस्था पुढेही टिकली. सगळं श्रेय फिल्म्सना देणं चुकीचं ठरेल, हालचाल आधीपासून सुरू होती. पण या पद्धतीला आजही 'फोगो प्रोसेस' म्हणतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फोगोत कॅमेरा बाहेरच्यांच्याच हातात होता.

जहीराबादच्या बायकांनी पुढचं पाऊल टाकलं. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी १९८३ पासून तिथे ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्यं, बियाणं आणि बायकांचे संगम यावर काम करत होती. संस्थेचे पी. व्ही. सतीश आधी दूरदर्शनमध्ये प्रोड्युसर होते. नव्वदच्या दशकात या बायकांचं व्हिडिओ प्रशिक्षण सुरू झालं आणि पुढे त्यांचा स्वतःचा कम्युनिटी मीडिया ट्रस्ट झाला.

२००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं होतं जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतलं. या बायका कॅमेरा घेऊन वरंगळच्या शेतकऱ्यांकडे गेल्या, आणि एकदाच बाइट घेऊन परतल्या नाहीत. हंगामभर त्याच शेतकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा गेल्या. सुरुवातीचा भरवसा, मग शंका, मग संताप, सगळं एकाच माणसाच्या चेहऱ्यावर टिपलं गेलं. २००३ मध्ये फिल्म आली, तिचं नावच होतं 'वरंगळचे शेतकरी बीटी कापसावर का चिडलेत?' २००५ मध्ये केंद्रीय समितीने आंध्र प्रदेशात महिकोच्या तीन बीटी वाणांची परवानगी थांबवली. ती या फिल्ममुळे थांबली असा दावा मी करणार नाही. नंतर देशातल्या बहुतेक कापसात बीटीच आलं आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. पण त्या हंगामात काय घडलं याची शेतकऱ्यांच्या तोंडची नोंद शेतकरी बायकांनीच ठेवली, एवढं नक्की.

प्रत्यक्षात हे काम कसं चालतं? पहिल्या दिवशी भाषण नसतं. गोल करून बसायचं, कॅमेरा हातोहात फिरवायचा, शेजारणीला नाव-गाव विचारत शूट करायचं आणि लगेच लावून बघायचं. स्वतःला पडद्यावर बघून हशा पिकतो आणि भीती तिथेच निम्मी होते. मग गोष्ट ठरते, तीही चित्रं काढून, म्हणजे लिहिता येण्याचा प्रश्नच उरत नाही. शूटिंग झालं की गावात स्क्रीनिंग, आणि खरं काम तिथे सुरू होतं. पाणी येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ते सगळ्यांसमोर बोललं गेलं की विषय घरातून चौकात येतो.

गोव्यातून चालणारी व्हिडिओ व्हॉलंटियर्स ही संस्था याच वाटेवरची. २०१० मध्ये तिने 'इंडिया अनहर्ड' सुरू केलं. त्यात वेगवेगळ्या राज्यांतले स्थानिक वार्ताहर आपल्याच भागातले प्रश्न शूट करतात. व्हिडिओच्या शेवटी अनेकदा संबंधित अधिकाऱ्याचा नंबर देतात. म्हणजे बघणाऱ्याने नुसतं हळहळायचं नाही, फोन लावायचा.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण यात धोके आहेत. 'गाव' म्हणजे कोण? कॅमेरा सरपंचाच्या पुतण्याच्या हातात गेला तर पुन्हा पटेल शॉटच येणार. संस्था पैसे देत असेल तर विषय तिच्या आवडीचा निघू शकतो. सगळ्यात मोठा धोका बोलणाऱ्याला असतो. रेशन दुकानदाराविरुद्ध बोललेल्या बाईला उद्या त्याच दुकानातून धान्य आणायचं असतं.

फोगोच्या काळात फिल्मची रिळं पेटीत असायची, नको म्हटलं की थांबवता यायचं. आता रील एकदा व्हॉट्सॲपवर गेलं की मागे बोलावता येत नाही. त्यामुळे परवानगी दोनदा घ्यावी लागते. एकदा शूटिंगआधी, आणि दुसऱ्यांदा कापून तयार झालेला व्हिडिओ दाखवल्यावर, कारण आपण कसे दिसणार आहोत हे माणसाला तेव्हाच कळतं. दुसऱ्या वेळी ती 'नको' म्हणाली, तर व्हिडिओ कितीही चांगला झाला असला तरी अपलोड करायचा नाही. चेहरा न दाखवता, नुसत्या हातांवर किंवा रिकाम्या हंड्यांवर कॅमेरा ठेवून तेच म्हणणं मांडता येतं का, हे तिच्याच शेजारी बसून बघायचं.