गोष्टीत झोपायची खोली

फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सिंड्रेलाचा किल्ला आहे आणि त्या किल्ल्याच्या आत, वरच्या मजल्यावर, राहण्याची एक खोली आहे. कितीही पैसे मोजले तरी ती भाड्याने मिळत नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी हे उद्यान उघडलं, तेव्हा ही जागा डिस्ने कुटुंबासाठी राखलेली पण अर्धवट अशी पडून होती; वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्येच वारले होते. पुढे तीन दशकांहून अधिक काळ ती किरकोळ कामांसाठी वापरली गेली. २००६ साली तिची शाही खोली करण्यात आली आणि २००७ पासून बक्षीस लागलेली कुटुंबं तिथे एकेक रात्र राहू लागली. आकार विचाराल तर सुमारे ६५० चौरस फूट. कोल्हापुरात एवढ्या जागेत चौघांचं घर सुखाने नांदतं. मग या खोलीची श्रीमंती आहे कशात?

माझ्या मते ती आत शिरण्याच्या वाटेत आहे. किल्ल्याच्या पोटातून जाणाऱ्या बोळात भिंतीवर काचतुकड्यांची पाच मोठी चित्रं आहेत, प्रत्येक १५ फूट उंच. त्यांची रेखाटनं डोरोथिया रेडमंड यांची. हिचकॉकच्या चित्रपटांसाठी दृश्यं रेखाटणाऱ्या या बाईंना माणूस चालता चालता काय बघतो, हे पक्कं माहीत होतं. पाहुणा ही चित्रं बघत येतो, एका दाराआडच्या लिफ्टने वर जातो, आणि समोर उभं असतं उंच लाकडी घड्याळ, बाराला एक मिनिट कमी दाखवणारं. पायाखाली फरशीवर भोपळ्याच्या रथाचं चित्र. पलंग अजून दिसलेलाही नाही आणि गोष्ट अर्धी सांगून झालेली आहे.

हा क्रम दत्ताच्या नृसिंहवाडीला जाणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एसटी स्टँडवरून निघालं की पेढे-बासुंदीची दुकानं, मग हारफुलांची, मग वाट उताराला लागते. दुकानांचा गलबला मागे पडतो, नदीचा वारा अंगाला लागतो, आणि पायऱ्या उतरल्यावर औदुंबराखालचं ते शिखर नसलेलं, बसकं देऊळ समोर येतं. लांबून ते दिसत नाही. मनोहर पादुकांपर्यंत पोचेपर्यंत माणसाचा आवाज आपोआप खाली आलेला असतो, आणि त्यासाठी शांतता राखण्याची पाटी लागत नाही. रात्री पालखी देवळाभोवती फिरते तेव्हाही मध्ये थांबून पदं म्हटली जातात, आणि त्या थांब्यांमुळेच ती प्रदक्षिणा मनात राहते. देवस्थान आणि करमणुकीचं उद्यान यांची बरोबरी मला मुळीच करायची नाही. पण वाट, वळण, उतार आणि थांबा यांनी माणसाचं मन कसं बदलतं, ते शिकायला वाडीसारखी दुसरी शाळा नाही. अशी गोष्टीतली खोली करायची तर नकाशा काढणाऱ्याने पलंगाची जागा ठरवण्याआधी ही वाट आखावी.

वाटेनंतर येतो भास. सिंड्रेलाच्या त्या १८९ फुटांच्या किल्ल्यात वीट नाही. आत पोलादी सांगाडा, भिंती काँक्रीटच्या, वरचे बुरूज फायबरग्लासचे. वर वर जाताना खिडक्या आणि दगडांचे आकार लहान केले आहेत, त्यामुळे किल्ला आहे त्याहून उंच वाटतो. ही विद्या कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर महालाची खोली दाखवण्यात त्यांचा हात बसलेला होता, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी त्या पडद्यांच्या जागी उभे, आत फिरता येईल असे देखावे आणले. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे फत्तेलाल याच तालमीत तयार झालेले. राजवाडा खरा असायची गरज नसते, कॅमेरा जिथून बघणार तिथून तो खरा दिसावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिलं. हॉटेलच्या खोलीत मात्र एक अडचण वाढते. पाहुणा भिंतीला हात लावतो, टेकून बसतो, आणि पोर तर नखाने खरवडून बघतं.

म्हणून हात पोचतो तिथे खरा माल आणि हाताच्या वर भास, अशी विभागणी करावी. साडेसहा-सात फुटांपर्यंत खरं लाकूड, खरी फरशी, खरं पितळ. त्यावर साच्यातून काढलेलं काम: आधी मातीचा नमुना, त्यावरून साचा, साच्यात फायबर किंवा प्लास्टर. खरं कसब रंगात असतं. गडद हात मारून ओल्या फडक्याने पुसायचा, म्हणजे रंग खाचांत राहतो. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फक्त उंचवट्यांवर फिका रंग ओढायचा. एका रंगात मारलेला दगड कितीही चांगला कोरलेला असला तरी दगड दिसत नाही. आणि हे रंग खोलीत जे दिवे लागणार त्याच दिव्यांत तपासावेत. कारखान्याच्या पांढऱ्या ट्यूबखाली पास झालेला रंग पिवळ्या उजेडात मातकट दिसतो.

मग लपवाछपवी. सिंड्रेलाच्या खोलीत शेकोटीवरचा आरसा हाच टीव्ही आहे, न्हाणीघराच्या छतात प्रकाशतंतूंचे तारे आहेत. एसीची झरोकेदार जाळी नक्षीत मिसळता येते, पण तिच्यामागे मिस्त्रीचा हात जाईल असं उघडतं झाकण हवं, नाहीतर पहिल्याच दुरुस्तीला नक्षी फुटते. धुराची सूचना देणारं यंत्र, पाण्याचे फवारे आणि बाहेर पडायचा दरवाजा मात्र कधीच लपवू नयेत. गोष्ट मोडली तरी चालेल.

उद्यानाच्या आत झोपायचं तर आवाजाचाही प्रश्न येतो. खोपोलीच्या इमॅजिकाने आपलं हॉटेल उद्यानाला लागून पण वेगळ्या इमारतीत ठेवलं; चालवायला ती सोपी वाट आहे. किल्ल्यातच खोली काढली की खाली गर्दी आणि रात्री फटाके. मग एकमेकींना न टेकणाऱ्या दोन भिंती, मध्ये काचलोकर, खिडकीला दुहेरी काच, एवढं सगळं आलंच.

आपल्याकडे अशी खोली झाली तर ती किल्ल्याची नको, असं मला मनापासून वाटतं. सिंड्रेलाचा रथ भोपळ्याचा, आणि आपल्या बालगोष्टीतली म्हातारीही लेकीच्या घरून परतते ती भोपळ्यातूनच. या गोष्टीत खोलीचा क्रम आयता मिळतो. बाहेरचा बोळ म्हणजे जंगल. तिथले कोल्ह्या-वाघाचे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर बसवावेत, कारण ते शोधणारं पोर तेवढंच उंच असतं. पुढे लेकीचं घर: माजघर, झोपाळा, खाणंपिणं. इथे वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी हवी, म्हातारी लठ्ठ होऊनच परत निघते ना! आणि शेवटी झोपायला भोपळा.

भोपळा बांधायचा कसा? सहा बाय साडेसहाच्या गादीचा कर्ण जवळजवळ ९ फूट येतो, म्हणजे आतला व्यास गादीच्या पातळीला साडेदहा फूट तरी पाहिजे. भोपळ्याच्या फाका इथे मोठ्या कामाला येतात. एकाच फाकेचा साचा करून त्यातून बारा फाका ओतायच्या. खर्च कमी होतो आणि प्रत्येक फाक दारातून आत जाते. सगळ्यांचा रंग मात्र वेगवेगळा हवा, नाहीतर साचा ओळखू येतो. घुमटाकार पोकळीत आवाज परतून मधोमध गोळा होतो, तेव्हा एकाचं घोरणं सगळ्यांना दुप्पट ऐकू येईल. त्यावर आतून गोधड्यांचं अस्तर लावावं, आग लवकर न धरणारी प्रक्रिया केलेलं. हवा पलंगाच्या पायथ्यातून सोडायची आणि वर देठातून खेचून घ्यायची, म्हणजे आत कोंदट होत नाही. तोंड तीन फूट रुंद, उंबरा नाही, गादी जमिनीपासून दीड फुटावर. गुडघे दुखणाऱ्या आजीला आत जाता आलं नाही तर या गोष्टीची खोली फसली, कारण गोष्ट आजीचीच आहे. आपली कुटुंबं तीन पिढ्या मिळून सहलीला जातात, आणि परीकथेच्या खोल्या बहुधा फक्त पोरांच्या मापाने होतात.

वाडीच्या शिरोळ तालुक्यात किंवा कृष्णाकाठी कुठेही असं काही करायचं झालं तर पाण्याचा विचार पहिल्या दिवशी व्हायला हवा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर इथल्या घराघराला आठवतात. वाडीचं देऊळ पाण्याशी भांडत नाही. पूर आत येतो, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतो आणि भाविक तिथे दक्षिणद्वाराचं स्नान करतात; पाणी चढत राहिलं की उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. काय भिजू द्यायचं आणि काय उचलायचं, हे आधीपासून ठरलेलं असतं. खोलीतही तेच करावं. खालचा भाग फरशी आणि चुन्याच्या गिलाव्याचा, भिजून वाळणारा. प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस पुराच्या खुणेखाली अजिबात नाही. विजेचे बोर्ड खुणेच्या वर. भोपळ्याच्या फाका नटबोल्टने जोडलेल्या, पाठीमागून क्रमांक टाकलेल्या, आणि प्रत्येक फाक दोन माणसांना जिन्याने वर नेता येईल एवढ्याच वजनाची. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याची पाणीपातळी वाढू लागल्याची बातमी आली की पाहुण्यांची आरक्षणं थांबवून पहिली फाक उतरवायला घ्यावी.